तासावर घेतलेला इंजिनिअर आणि एक ‘ऱ’ : नऊ महिन्यांचा अनुभव

मार्चमध्ये एका सकाळी बेदाण्याच्या सौद्याचे भाव चढवायला बसलो, तर साईटच्या जागी पांढरा पडदा आणि ‘गंभीर त्रुटी’ अशी एक ओळ. मार्च म्हणजे सांगलीच्या मार्केट यार्डात हळद आणि बेदाणा दोन्ही एकदम अंगावर येण्याचे दिवस. आमचं शेतीचं छोटं मासिक; अंक महिन्याला निघतो, पण लोक साईटवर येतात ते रोजच्या भावासाठी. दुपारपर्यंत चौदा फोन. एकाने तर “मासिक बंद केलं का?” असं सांत्वनाच्या सुरात विचारलं.

साईट वर्डप्रेसवर, म्हणजे साईट बनवायच्या फुकट सॉफ्टवेअरवर. २०१९ मध्ये एका एजन्सीकडून ठोक ६५ हजारांत करून घेतलेली. एजन्सीला फोन केला, ते म्हणाले होस्टिंगवाल्यांशी बोला, म्हणजे ज्यांच्या सर्व्हरवर साईट ठेवलीय त्यांच्याशी. होस्टिंगवाले म्हणाले आम्ही पीएचपी (वर्डप्रेस जिच्यात लिहिलंय ती भाषा) ७.४ वरून ८.१ वर नेलंय, आधी मेल पाठवला होता, आता कोडवाल्यांशी बोला. मेल गेला होता एजन्सीच्या पत्त्यावर, कारण डोमेनपासून, म्हणजे साईटच्या पत्त्यापासून, सगळं त्यांच्याच नावावर. पुन्हा एजन्सी. तर एएमसी, म्हणजे वर्षाचा देखभाल करार, संपलेला. आधी २८ हजार भरा, मग बघू काय झालंय ते. बघायच्या आधी २८ हजार! वर्डप्रेस २००३ पासून फुकट मिळतं, जगभर मिळतं, आणि मी ते उघडून बघण्याचे २८ हजार देणार.

मग तासावर माणूस घ्यायचं ठरवलं. तिघांना बोलावलं. पहिला म्हणाला सगळं नव्याने करू. दुसऱ्याने कोड न बघताच दोन दिवसांची हमी दिली. तिसरा विश्रामबागेतला, घरूनच कामं घेणारा पोरगा. चहा येईपर्यंत गप्प बसला आणि मग म्हणाला, “काका, बॅकअप कुठंय?” हे पहिल्या दोघांनी विचारलंच नव्हतं. दर सांगितला तासाला ९००. मी ८०० वर आणला. आमच्या घरी इलेक्ट्रिशियनलासुद्धा कधी तासावर पैसे दिलेले नाहीत, तेव्हा हे मला जडच गेलं.

पहिलं बिल चौदा तासांचं. त्यातले सहा तास ‘आधीचा कोड वाचणे’. माझं डोकंच फिरलं. वाचायचे पैसे? मी रोज दोन लेख वाचतो, मला कोण देतं? त्याने वाद घातला नाही. लॅपटॉप घेऊन ऑफिसात आला आणि दाखवलं. एजन्सीने बाजारभावाचा सगळा कोड विकत घेतलेल्या थीमच्या, म्हणजे साईटच्या तयार साच्याच्या, फंक्शन्स फाईलमध्येच लिहिला होता. थीम अपडेट केली की तो पुसला जाणार, म्हणून त्यांनी अपडेट कायमचे बंद करून ठेवलेले. वर क्रिएट_फंक्शन नावाची एक सोय वापरलेली. ती पीएचपी ७.२ मध्येच ‘वापरू नका’ म्हणून जाहीर झाली होती आणि ८.० मधून पार काढून टाकली. म्हणजे आमची साईट बांधली तेव्हाच ती सोय मोडीत निघाली होती. सहा तासांचे पैसे दिले. नाखुशीने, पण दिले.

बाकीचं काम त्याने बरं केलं. बाजारभाव आता आमच्या स्वतःच्या वेगळ्या प्लगइनमध्ये (वर्डप्रेसला वरून जोडायच्या कोडमध्ये) आहेत, थीम उद्या बदलली तरी जागेवर राहतील. बदल आधी साईटच्या चाचणी प्रतीवर होतात. भावाच्या रकान्यात ९ टाका नाहीतर इंग्रजी नऊ, दोन्ही चालतात. डोमेन सोडवायला तीन आठवडे आणि माझे बरेच अपशब्द लागले, पण ते आता आमच्या नावावर आहे.

आता मुख्य गोष्ट. ती म्हणजे ‘ऱ’.

एप्रिलमध्ये कवठेमहांकाळहून एका वर्गणीदाराचा फोन. साताऱ्याच्या एका बागायतदाराचा आल्यावरचा लेख त्याला हवा होता, आमच्याच २०१४ च्या अंकातला. मी स्वतः शोधपेटीत ‘साताऱ्याच्या’ लिहिलं. काही नाही. ‘कऱ्हाड’ लिहिलं. जुनं एकही नाही. ‘शेतकऱ्यांना’ लिहिलं तर फक्त २०१९ नंतरचे लेख आले. आमच्या मासिकात ‘शेतकऱ्यांना’ हा शब्द नाही असं एक पानही सापडायचं नाही! अकरा वर्षांचे अंक साईटवर असून नसल्यासारखे.

इंजिनिअर म्हणाला, “काका, गूगलवर शोधा की, सापडतंय.” हे मला लागलं. माझ्या घरातली वस्तू मी शेजाऱ्याला विचारून शोधू का? नीट बघ म्हणालो. त्याने अडीच तास लावले आणि अडीच तासांचं बिलही लावलं. तेव्हा याला पाचपैकी दोनच गुण द्यायचे असं मी मनाशी नक्की केलं होतं.

पण त्याने जे दाखवलं ते बघून मी खुर्ची पुढे ओढली. पडद्यावर ‘शेतकऱ्यांना’ दोनदा, डोळ्याला तंतोतंत सारखं. एक शब्द आत ११ तुकड्यांचा, दुसरा १२ तुकड्यांचा. नव्या लेखांत नाना, म्हणजे आमचे डीटीपीवाले, इनस्क्रिप्ट कळफलकावर शिफ्ट दाबून सरळ ‘ऱ’ टाइप करतात. जुने अंक होते श्रीलिपीत, म्हणजे जुन्या पद्धतीच्या फॉन्टमध्ये. ते एजन्सीने कन्व्हर्टरमधून युनिकोडमध्ये, म्हणजे सगळीकडे चालणाऱ्या अक्षरसंकेतात, आणले. त्या कन्व्हर्टरने ‘ऱ’ न देता साधा र, हलन्त आणि मागे एक अदृश्य जोडक (अक्षरं जोडणारं, न दिसणारं चिन्ह) चिकटवला. दिसायला तोच आडवा अर्धा र, पण वर्डप्रेसची शोधपेटी अक्षराला अक्षर लावून बघते, तिच्या लेखी हे दोन वेगळे शब्द. जुन्या फॉन्टमधून ऱ्हस्व वेलांटी भलत्या अक्षरावर आणि रफार शेजारच्या घरात, हे दुखणं मला माहीत होतं, कारण ते डोळ्यांना दिसतं. हे दिसतच नव्हतं. तीस वर्षं मुद्रितं तपासली, पण न दिसणारी चूक कशी तपासायची?

दुरुस्तीत त्यानेही माती खाल्ली, तेही सांगतो. पहिल्या फेरीत त्याने जोडक असो नसो, प्रत्येक र-हलन्त-य ला ‘ऱ्य’ केलं. चाचणी प्रत उघडली तर ‘कार्यकारी संपादक’ चा ‘काऱ्यकारी संपादक’ झालेला आणि एका आचार्यांना थेट आचाऱ्यांच्या रांगेत बसवलेलं. मी ओरडलो. मराठी शाळेत शिकलेला पोरगा, पण सूर्याचा र आणि दुसऱ्याचा र वेगळा, हे त्याला मी सांगायचं! तो हसला, मग ओशाळला, आणि जोडक असेल तिथेच बदल होईल असं करून दिलं. आता लेख साठवताना आणि शोधताना दोन्हीकडे तेच रूपांतर होतं, कोणी कुठल्याही कळफलकाने लिहो. चुकलेल्या फेरीचा एक तास बिलातून कापला. मी दीड मागितला होता.

इथपर्यंत मी एप्रिलअखेर लिहून ठेवलं होतं आणि शेवटी ‘डोळे झाकून घ्या’ असं वाक्यही टाकलं होतं. ते वाक्य काढलं. कारण मे महिन्यात गडी लग्नाला गेला. स्वतःच्याच, त्यामुळे बोलायची सोय नाही. नऊ दिवस फोन बंद. त्यातच भावाचा तक्ता मोबाईलवर दिसेनासा झाला. एका माणसावर सगळं टांगलेलं असलं की काय होतं ते कळलं. एजन्सी निदान फोन उचलून ‘नाही’ म्हणायची. पण जाताना त्याने दोन पानांची मराठी टिपण लिहून ठेवली होती: काय कुठे आहे, बिघडलं तर आधी काय बंद करायचं. शेजारचा वालचंद इंजिनिअरिंग कॉलेजात शिकणारा मुलगा ती पानं घेऊन बसला आणि कॅशचं (पानाची तयार प्रत साठवणारं) एक प्लगइन बंद करून अर्ध्या तासात तक्ता परत आणला. त्याला मी भडंगाचा पुडा दिला. इतकं स्वस्त काम या साईटवर दुसरं झालेलं नाही.

हिशेब सांगतो, कारण तो कोणी सांगत नाही. नऊ महिन्यांत ७१ तास, ८०० ने ५६,८००. दिवाळीनंतर त्याने दर ११०० केलाय. मी हजार म्हणतोय. घ्यायचा असेल तर असाच माणूस घ्या, पण टिपण लिहून घेतल्याशिवाय शेवटचा हप्ता देऊ नका, आणि डोमेन पहिल्या दिवशी स्वतःच्या मेलवर घ्या. पाचपैकी चार. एक गुण त्या आचाऱ्यांसाठी कापला.

काल डिसेंबरचं बिल आलं. त्यात अर्धा तास ‘काकांशी फोनवर ऱ बद्दल चर्चा’ म्हणून लावलाय. फोन त्याने केला होता. उद्या बोलतोच.