इंजिनवर १५२ लिहिलं होतं

२०२४ च्या दसऱ्याला आईनं गाडीच्या चाकाखाली लिंबू ठेवलं, हँडलला झेंडूची माळ घातली आणि दुसऱ्या दिवशी मी कंपनीत कंदी पेढे वाटले. शेजारच्या टेबलावरच्यानं विचारलं, "कितीला पडली?" मी म्हटलं, "दीडशे सीसी." त्यानं किंमत विचारली होती. मी सीसी सांगितलं. तेव्हा माझ्या डोक्यात काय चाललं होतं ते एवढ्यावरून कळावं.

किंमत आता सांगतो. गाडी म्हणजे डर्ट बाईक, रानात-मातीत पळवायची. तिचे १ लाख १५ हजार, वर पासिंगचे म्हणून १८ हजार, एकूण १ लाख ३३ हजार. विकणारा म्हणाला होता तशी ती दीडशेची नव्हती, जपानी नव्हती आणि तिचं पासिंग या जन्मात होणार नव्हतं.

मी साताऱ्याचा. डर्ट बाईक हवी हे खूळ सहा महिने व्हिडिओ बघून डोक्यात बसलेलं. आयुष्यात चालवली होती ती बाबांची शंभर सीसीची गाडी, तीही डांबरावर. मामा म्हणाला, "आरएक्स १०० घे, रानात पळव, मोडली तरी कुणीबी नीट करतंय." आमच्या भागात यामाहाच्या या जुन्या आरएक्सचं वेड किती आहे ते सांगायला नको. पण मला उंच मडगार्ड, जाड गुट्ट्यांचे टायर आणि हिरवं-पांढरं प्लास्टिक पाहिजे होतं. खरं सांगायचं तर गाडीपेक्षा गाडीसोबतचा फोटो पाहिजे होता.

एका जाहिरातीवरून सांगलीला गेलो. मिरज रस्त्याच्या आत एक पत्र्याचं शेड, तिथं सहा गाड्या ओळीनं उभ्या. विकणारा तिशीतला, बोलायला गोड, "या दादा, चहा घ्या आधी." मग म्हणाला, "अपसाइड डाउन फोर्क म्हणजे काय, तुम्हाला माहीतच असणार." मी म्हटलं, "हो तर." मला ते फक्त दिसायला कसे असतात तेवढं माहीत होतं. लिंकेज, ट्रॅव्हल, रिबाउंड असे शब्द तो टाकत गेला आणि मी मान हलवत गेलो. प्रत्येक "हो"ला तो एक पायरी पुढं सरकत होता. मधेच एकदा "म्हणजे काय?" विचारलं असतं तर बहुतेक त्याचीच पंचाईत झाली असती.

मी एकच शहाणा प्रश्न विचारला, तोही त्याच्या पथ्यावर पडला. "किती सीसी?" त्यानं मोबाइलचा टॉर्च लावून इंजिनाच्या केसवरचे अक्षर-आकडे दाखवले. "तुमच्या डोळ्यांनी वाचा." १५२ एफएमएच. "एकशे बावन्न. कागदावर दीडशे धरतात." लोखंडात ठोकलेला आकडा खोटा कसा असेल? आकडा खोटा नव्हताच. वाचायला मी चुकलो होतो, आणि मी चुकणार हे त्याला ठाऊक होतं.

चालवून बघतो म्हटलं तर शेडसमोरच्या कोब्यावर चाळीस-पन्नास फुटांत दोन चकरा मारू दिल्या. रस्त्यावर नेऊ का विचारलं, तर म्हणाला, "नको दादा, पासिंग व्हायचंय अजून, पोलीस धरतील." सगळ्या व्यवहारात तो एवढं एक वाक्य खरं बोलला.

टोकन १० हजार यूपीआयनं, ते बायकोच्या म्हणून कुणाच्या तरी खात्यावर. उरलेले १ लाख ५ हजार रोख, कारण "रोखीत जीएसटी वाचतो". बिल म्हणून लेटरपॅडचं एक पान मिळालं. त्यावर 'स्पोर्ट्स बाईक, १ नग' आणि खाली 'विकलेला माल परत घेतला जाणार नाही'. जीएसटी नंबर नाही, चेसिस नंबर नाही, इंजिन नंबर नाही. किराणा दुकानातसुद्धा याहून बरी चिठ्ठी देतात. पण त्या दिवशी गाडी टेम्पोत चढताना मी तिच्याकडं बघत होतो, कागदाकडं नाही.

चालवायचो मामाच्या पडीक रानात, कोरेगावच्या बाजूला. (कासला नेली का, असं बरेचजण विचारतात. नाही, आणि कुणी नेऊही नये. ते पठार २०१२ पासून जागतिक वारशाच्या यादीत आहे, आणि खडकावर बोटभर मातीत उगवलेल्या फुलांवरून चाक गेलं की उरतं काय?) पहिले आठ दिवस मजेत गेले. मग दुसऱ्या गिअरला चढावर गाडी दम टाकायला लागली. पुढचे फोर्क, म्हणजे पुढच्या चाकाचे शॉकअप, खड्ड्यात खाली जायचे आणि चेंडूसारखे उसळून वर यायचे. मला वाटलं माझंच चुकतंय, शिकतोय ना अजून. तिसऱ्या आठवड्यात गुडघाभर उंचीच्या बांधावरून गाडी उतरली आणि उजवं फूटपेग, म्हणजे पाय ठेवायची दांडी, ब्रॅकेटसकट निखळलं. मी तोंडावर आपटलो. हेल्मेट होतं म्हणून हनुवटीला दोन टाक्यांवर भागलं.

कोडोलीतल्या आमच्या मिस्त्रींनी तुटलेलं वेल्डिंग बोटानं चाचपलं. आत वितळून धरलेलंच नव्हतं, वरून नुसता थर चढवलेला. मग त्यांनी इंजिन नंबर वाचला. "दीडशे कोण म्हणालं तुला?"

"लिहिलंय की काका त्याच्यावर."

त्यांनी खडूनं फरशीवर लिहून दाखवलं. चिनी इंजिनांच्या या नंबरात पहिला १ म्हणजे एक सिलेंडर. पुढचे ५२ म्हणजे बोअर, सिलेंडरच्या भोकाचा व्यास, मिलिमीटरमध्ये. एफ म्हणजे हवेनं थंड होणारं, एम म्हणजे मोटरसायकलचं, आणि शेवटचं अक्षर सीसीचा गट सांगतं. एच असेल तर शंभर-एकशेदहा, आय असेल तर सव्वाशे, जे असेल तर दीडशे. माझ्या गाडीवर एच होतं.

गाडी धूर मारत होतीच, म्हणून हेड उघडलं. व्हर्निअर लावला. बोअर ५२.४, पिस्टन वरून खाली जाऊन मोजलेला स्ट्रोक ४९.५. मोबाइलवर गुणाकार केला, उत्तर आलं १०६.७ सीसी. बाबांच्या गाडीएवढंच. फोर्कच्या एका नळीतून ऑइल निघालं, दुसरीतून नावाला. चाकं पुढं १७ इंची, मागं १४. मोठ्या माणसांच्या डर्ट बाईकला पुढं २१ आणि मागं १८ इंचांची चाकं असतात, कारण मोठं चाक दगड-खड्ड्यात अडकत नाही, वरून निघून जातं. माझं वजन ७२ किलो, उंची पाच फूट चार इंच. शेडमध्ये गाडीवर बसलो तेव्हा दोन्ही पाय पूर्ण टेकले आणि तो म्हणाला होता, "बघा, तुमच्यासाठीच बनवलीय." पोरासोरांच्या मापाची गाडी, पाय टेकणारच.

तरी पासिंगची आशा होती. दिवाळीआधीच १८ हजार पाठवले होते, एजंटकडं फाइल लावलीय असं विकणारा म्हणाला होता. नोव्हेंबरच्या शेवटी कुरिअरनं नंबरप्लेट आणि आरसीची झेरॉक्स आली. चुलतभावानं प्लेट हातात घेतली आणि विचारलं, "ह्याच्यावर एचएसआरपी का नाही रे?" १ एप्रिल २०१९ नंतरच्या नव्या गाडीला ती होलोग्रामची पाटी विकणाऱ्यानंच बसवून द्यायची असते. ही मात्र चौकातल्या रंगाऱ्यानं केल्यासारखी. सरकारच्या एमपरिवहन ॲपवर नंबर टाकला, तर २००७ साली नोंदलेली शंभर सीसीची साधी गाडी निघाली. कुणाच्या तरी भंगारात गेलेल्या गाडीचा नंबर माझ्या गाडीला चिकटवायचा बेत होता. ती प्लेट लावून मी पोवई नाक्यावर सापडलो असतो, तर चोरीच्या गुन्ह्यात उत्तरं मला द्यावी लागली असती.

मग मी चेसिस नंबरही वाचायला शिकलो. हँडलखाली फ्रेमच्या मानेवर सतरा अक्षर-आकडे असतात. पहिलं अक्षर देशाचं: जे म्हणजे जपान, एल म्हणजे चीन, आपल्याकडं बनलेल्या गाड्यांचं एम. माझ्या 'जपानी' गाडीचं एल. दोन मिनिटांचं काम, शेडमध्येच झालं असतं.

पासिंग का होणार नव्हतं, तेही सांगतो, कारण अशा शेडमध्ये "करून देतो" हा शब्द सर्रास चालतो. रस्त्यावर चालणाऱ्या गाडीच्या मॉडेलला आधी सरकारमान्य संस्थेची मंजुरी लागते. पुण्यात वेताळ टेकडीवर एआरएआय आहे, ती अशा संस्थांपैकी एक. मंजुरी असेल तरच बनवणारी कंपनी फॉर्म २२ देते, म्हणजे गाडी रस्त्यालायक असल्याचा दाखला, विकणारा फॉर्म २१ देतो, म्हणजे विक्रीचा दाखला, आणि आरटीओत फॉर्म २० भरला जातो, म्हणजे नोंदणीचा अर्ज. मंजुरीच नसलेल्या गाडीला फॉर्म २२ येणार कुठून? एजंटाला कितीही दिले तरी येणार नाही. कावासाकीनं केएलएक्स ११० आणि १४० या डर्ट बाईक इथं विकल्या त्या ट्रॅकपुरत्याच, आणि कंपनी तसं उघड सांगूनच विकायची. पासिंग नसलेली गाडी बंद रानात, ट्रॅकवर चालवा, ते वेगळं. रस्त्यावर आणली की दंड होतोच, पण माझी झोप उडाली ती विम्याच्या विचारानं. पासिंग नाही म्हणजे विमा नाही. कुणाला धडक बसली असती तर भरपाई बाबांच्या फंडातून गेली असती.

विकणाऱ्याला फोन केला तर म्हणाला, "पासिंगचं मी कधी बोललो? ऑफ-रोडसाठीच दिली ना तुम्हाला?" पण व्हॉट्सॲपवर त्याचाच आवाज होता: "अठरा पाठवा दादा, पंधरा दिवसांत नंबर पडतो." ती व्हॉइस नोट मी चार ठिकाणी साठवली. पोलिसांत अर्ज दिला. पूर्वी ज्याला चारशेवीस म्हणायचे ते जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहितेत ३१८ झालंय. जिल्हा ग्राहक आयोगातही तक्रार टाकली. २०१९ च्या कायद्यानं आपण राहतो त्या जिल्ह्यात दाद मागता येते, सांगलीला खेटे घालावे लागत नाहीत. पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला फी नाही. मुदत दोन वर्षं. हे कळेपर्यंत मी लाजेनं दीड महिना घालवला होता. पेढे वाटलेल्या माणसाला तक्रार करायचीही लाज वाटते.

अडचण पुराव्याची झाली. बँकेत दिसतात फक्त २८ हजार. रोखीचे १ लाख ५ हजार मी दिले हे मला माहीत, त्याला माहीत आणि शेडमधल्या चहावाल्या पोराला. नोटीस गेल्यावर त्याचा कुणी पाव्हणा घरी आला, ४० हजार घ्या आणि मिटवा म्हणाला. बाबांनी चहा पाजला आणि वाटेला लावला. प्रकरण चालू आहे.

दरम्यान मी दुसरी गाडी घेतली, हिरोची एक्सपल्स २००, २०१९ चं मॉडेल, ७० हजारांत. ही गाडी नवी आली तेव्हा शोरूमची किंमत लाखाच्या आसपास होती, म्हणजे मी त्या शेडमध्ये घातलेल्या पैशांत त्या वर्षी कोरी आली असती आणि वर बूट, नी-गार्ड निघाले असते. पुढं २१, मागं १८ इंचांची चाकं, पासिंगची, पार्ट कुठंही मिळणारे. सीट ८२३ मिलिमीटर, मला दोन्ही पाय पूर्ण टेकत नाहीत, चवडे टेकतात. वजन दीडशे किलोच्या वर, चिखलात पडली की उचलताना नाकी नऊ येतात, हे कुणी आधी सांगत नाही. पण शिकायला तेवढं ओझं सोसतं.

गाडी एमएच-१० ची, म्हणजे सांगलीची. मिस्त्रींनी पहिलाच प्रश्न विचारला, "ऑगस्ट २०१९ ला कुठं होती?" महापुरात बुडालेल्या किती गाड्या धुऊन-पुसून पुढं विकल्या गेल्या असतील, कोण सांगणार? त्यांनी सीट काढली, वायरिंगचे जोड उघडून आत हिरवं चढलंय का बघितलं, हेडलाइटच्या काचेत आतून गाळाची रेघ शोधली, एअर फिल्टरच्या डब्याच्या कोपऱ्यांत बोट फिरवलं. मग मी ॲपवर नाव, कर्जाचा बोजा, थकलेली चलनं बघितली आणि चेसिस नंबर आरसीशी अक्षरन् अक्षर ताडून पाहिला. मालक कंटाळला. "एवढं कोण बघतं?" म्हणाला. बिचारा सरळ माणूस होता, पण मी आता गोड माणसालाच जास्त घाबरतो.

हे सगळं लिहायला बसलो ते गेल्या आठवड्यातल्या एका फोनमुळं. विट्याचा पोरगा, ओळखीतून नंबर मिळालेला. त्याच शेडमध्ये ५ हजार टोकन देऊन आला होता, शुक्रवारी बाकीचे रोख घेऊन जाणार होता. मी विचारलं, "इंजिनवर काय लिहिलंय?" म्हणाला, "थांबा, फोटो काढलाय." मग वाचून दाखवलं. १५२ एफएमएच. मी त्याला अर्धा तास सगळं सांगितलं, फरशीवरच्या खडूपासून बाबांनी पाजलेल्या चहापर्यंत. पाच हजार गेले म्हणून हळहळला, पण शुक्रवारी जात नाही म्हणाला.

फोन ठेवता ठेवता विचारतो, "मग दादा, आरएक्स घेऊ का? कराडात एकजण देतोय, एकदम ओरिजिनल म्हणतोय."

आरएक्स बंद झाली १९९६ ला. मी म्हटलं, "आधी चेसिस नंबरचा फोटो पाठव."