चावऱ्या पोपटासाठी टार्गेट काठी: घ्यावी की नाही?

पोपट हाताला चावतो, खांद्यावरून उतरत नाही, वाटी बदलायला पिंजऱ्यात हात घातला की अंगावर येतो. अशा तक्रारींसाठी एक संच विकत मिळतो: अँटेनासारखी लांब होणारी स्टीलची काठी, टोकाला प्लास्टिकचा गोळा आणि मुठीतच बसवलेला क्लिकर, म्हणजे दाबलं की ‘टक्’ वाजणारं छोटं साधन. पोपटाला काठीच्या टोकाला चोच लावायला आणि तिच्या मागे जायला शिकवायचं, जमलं की क्लिक आणि खाऊ. कल्पना उत्तम आहे. अडचण एवढीच, की यातले बरेचसे संच मुळात कुत्र्यांसाठी केलेले असतात. चोचीपुढे ते टिकत नाहीत.

सगळ्यात आधी गोळा तपासा. स्क्रूचा असेल तर मोठे पोपट तो चोचीने आणि जिभेने फिरवून सहज काढतात. रंग नखाने खरवडला जात असेल तर संच परत करा. नळ्या एकमेकींत सरकतात तिथे जीभ किंवा पायाचं बोट चिमटू शकतं, म्हणून काठी पूर्ण उघडूनच पुढे करायची, पक्ष्यासमोर मिटायची नाही. मुठीतला क्लिकर ही या संचातली सर्वांत कच्ची बाजू. काठी 30 सेंटीमीटर अंतरावर धरली की तो आवाज पक्ष्याच्या अगदी कानाशी होतो आणि भित्रा पोपट दचकून मागे सरकतो. क्लिकरच्या पत्र्याच्या पट्टीवर कापडी चिकटपट्टीचे दोन थर लावले की आवाज बसतो. नाहीतर क्लिकर विसरा, दर वेळी एकच छोटा शब्द त्याच सुरात म्हणा.

पहिले एक-दोन दिवस काठी पोपटाला दाखवूच नका, मिटलेलीच हातात लपवा. क्लिक, लगेच सूर्यफुलाच्या बीचा तुकडा, असं दहा-पंधरा वेळा. आवाज झाल्यावर पोपट तुमच्या हाताकडे पाहू लागला की समजलं. मग गजांच्या बाहेरून टोक चोचीपासून चार-पाच सेंटीमीटरवर धरा. चोच लागली त्याच क्षणी क्लिक, आणि खाऊ. जेवणाआधी, तीन ते पाच मिनिटं, दिवसातून दोनदा पुरे. तो कंटाळायच्या आत थांबा.

चावणं यामुळे कमी होतं, कारण चावण्याची गरजच कमी होते. एरवी चावलं की हात मागे जातो, वर आरडाओरडा ऐकायला मिळतो, म्हणजे पोपटाचं काम झालेलं असतं. काठीच्या मागे तो दांडीच्या दुसऱ्या टोकाला जातो, तेवढ्यात वाटी बदलून होते. मात्र बुबुळं झपाझप लहान-मोठी होत असतील, मानेची पिसं उभी राहिली असतील, शेपटी पंख्यासारखी पसरली असेल, तर काठी हळूच मागे घ्या. त्या क्षणी पुढे रेटलं तर तो चावणारच.

पोपट काठी पकडून ओढत असेल तर बहुधा तुमचं क्लिक उशिरा पडतंय. काठीलाच घाबरत असेल तर ती काही दिवस खोलीच्या कोपऱ्यात दिसेल अशी ठेवा आणि रोज थोडी जवळ आणा. चावल्यावर लगेच काठी आणि खाऊ दाखवू नका, चावलं की खाऊ मिळतो असंच तो शिकेल. आणि काठीने ढोसून त्याला खाली उतरवलंत, तर तिच्यावरचा त्याचा विश्वास उडालाच समजा.

किंचाळण्यावर हा संच विकत घेऊ नका. तिथे हळू शिट्टीला, बोलण्याला उत्तर द्यायचं आणि किंचाळण्याला नाही. सुरुवातीचे काही दिवस आवाज उलट वाढतो, तेव्हाच बरेच जण हार मानतात. पाण्याचे फवारे मारू नका, तो पाण्याला आणि तुम्हालाही घाबरू लागतो. शांत पोपट अचानक चावरा झाला असेल तर आधी पक्ष्यांच्या डॉक्टरांकडे न्या, दुखणंही असू शकतं.

बजी, लव्हबर्ड, कॉकाटील अशा लहान पोपटांसाठी हा खर्च करू नये. बिनरंगी, बोथट टोकाची साधी लाकडी काडी तेच काम करते, कुरतडली तर दुसरी घ्यायची. मकाव किंवा काकाकुवासाठी घ्यायचाच असेल तर अखंड स्टीलची काठी आणि वेगळा क्लिकर पाहा. दोन्हींपैकी काहीही घेतलंत तरी सराव संपला की ते नजरेआड ठेवा. पिंजऱ्यात पडून राहिलेली काठी दोन दिवसांत खेळणं होते आणि मग तिच्या मागे कोणी येत नाही.