मॉरिशस की सेशेल्स, कोणाचा झेंडा भारी?

दोन्ही हिंदी महासागरातलेच बेटांचे देश, पण झेंडे बघा किती वेगळे. मॉरिशसचा एकदम सरळ, चार आडवे पट्टे, लाल म्हणजे स्वातंत्र्याचा लढा, निळा म्हणजे समुद्र, पिवळा स्वातंत्र्याचा नवा उजेड आणि हिरवा तिथली शेती, ऊस वगैरे. १२ मार्च १९६८ ला स्वातंत्र्य मिळालं तेव्हापासून हाच झेंडा आहे, एकदाही बदलला नाही, आणि तिथे आपली मराठी माणसं पिढ्यानपिढ्या राहतायत म्हणून मला त्याचं जरा जास्तच प्रेम.

सेशेल्सचं तसं नाही. १९७६ ला स्वातंत्र्य, १९७७ ला सत्तापालट झाला की झेंडा बदलला, मग अनेक पक्षांची लोकशाही आल्यावर १९९६ मध्ये आत्ताचा आला. खालच्या डाव्या कोपऱ्यातून निळा, पिवळा, लाल, पांढरा, हिरवा असे पाच पट्टे पंख्यासारखे उघडत जातात, आणि मला सगळ्यात आवडतं ते हे की त्यात एकमेकांच्या विरोधातल्या दोन्ही मोठ्या पक्षांचे रंग शेजारीशेजारी घेतलेत, केवढं मोठं मन लागतं त्याला!

डिझाइन म्हणून माझं मत सेशेल्सलाच, लांबून पण लगेच ओळखू येतो. मॉरिशसचा मात्र लहान पोरगंसुद्धा न बघता काढेल, हेही काही कमी नाही.