स्विफ्टची कॉपी आली म्हणजे पैसे आले नाहीत

बडोद्यातून एरंडेल तेल बाहेर पाठवणाऱ्या छोट्या व्यापाऱ्यांसाठी हे लिहितोय: स्विफ्टची कॉपी, म्हणजे परदेशी बँकेतून पैसे निघाल्याचा कागद, दाखवून मला कसं फसवलं ते. मोठ्या गिरण्यांकडे वकील असतात, त्यांचं त्या बघून घेतील.

आमचा धंदा साधा. कडीच्या गिरणीतून फर्स्ट स्पेशल ग्रेडचं तेल उचलायचं आणि मुंद्र्याहून जहाजात चढवायचं. वंगण, रंग, साबण, नायलॉन ११, सगळ्यांना हे तेल लागतं, आणि एरंडेलात गुजरातचा हात धरणारं कुणी नाही. त्यामुळे परदेशातून चौकशा येतच असतात. हा ग्राहक मात्र दांडिया बाजारातल्या एका दलालामार्फत आला. दलाल मराठी, बोलघेवडा, मला काका म्हणणारा. ‘आपलाच माणूस’ एवढ्या भांडवलावर बडोद्यात अजून बरंच काही चालतं.

पहिली ऑर्डर एका कंटेनरची: २२५ किलोचे ८० ड्रम. समोरच्याने तेलाच्या दर्जाची मापं काढली: हायड्रॉक्सिल व्हॅल्यू विचारली, आयोडीन व्हॅल्यू ८२ ते ९० मध्ये हवी म्हणाला, रंगाचं लोविबाँड रीडिंग मागितलं. एवढी बारीक चौकशी करणारा भामटा निघेल अशी शंका कुणाला येणार? पैसेही पूर्ण आले, तेही वेळेआधी. त्या कंटेनरची किंमत म्हणजे त्यांचा जाहिरातखर्च होता, हे आता कळतं.

दुसऱ्या वेळी ड्रम नकोत, फ्लेक्सीटँक हवेत. २० टक्के आगाऊ, बाकी बिल ऑफ लेडिंगचा (माल जहाजात चढल्याची पावती, जिची मूळ प्रत दाखवून माल सोडवतात) स्कॅन मिळाल्यावर. खरी मेख इथेच होती. ड्रम बंदरात अडकले तर दुसरा ग्राहक शोधता येतो, थोडेथोडे करून विकताही येतात. फ्लेक्सीटँक म्हणजे कंटेनरभर पसरलेली वीसेक टनांची पिशवी. ती रिकामी करायला पंप आणि टाकी असलेलाच कुणीतरी लागतो. परक्या बंदरात असा माणूस ऐनवेळी कुठून आणणार?

जहाज लागलं, फ्री डेज (बंदरात कंटेनर फुकट ठेवायचे दिवस) संपत आले, आणि नेमकी शुक्रवारी संध्याकाळी स्विफ्टची कॉपी आली. पैसे निघालेत, सोमवारी दिसतील, तोवर टेलेक्स रिलीज द्या, नाहीतर डेमरेज, म्हणजे पुढच्या दिवसांचा दंड, तुमच्या बोकांडी. टेलेक्स रिलीज म्हणजे मूळ बिल इथेच शिपिंग लाइनला परत करायचं आणि तिकडे कागदाशिवाय माल सोडायचा. दलालाचे फोनवर फोन. ‘काका, जुन्या पार्टीवर एवढा अविश्वास?’ जुनी म्हणजे एका कंटेनरएवढी जुनी! शनिवारी रिलीज गेली. सोमवारी माल बंदराबाहेर होता आणि खात्यात काहीच नव्हतं.

अलकापुरीच्या बँकेतल्या बाईंनी ती कॉपी हातात घेतली आणि रकमेच्या ३२ए या रकान्यावर पेन्सिल टेकवली. एमटी १०३ या स्विफ्ट संदेशात (परदेशी पैशांसाठी बँका तो नोव्हेंबर २०२५ पर्यंत वापरत होत्या) दशांश दाखवायला स्वल्पविराम असायचा आणि हजारांसाठी कुठलीच खूण नसायची, म्हणजे ४६२००,५०. आमच्या कॉपीत होतं ४६,२००.५०. बँकेच्या मशीनमधून असं निघतच नाही, कुणीतरी घरी बसून टाइप केलंय, म्हणाल्या. यूईटीआर हा ३६ चिन्हांचा क्रमांकही त्यात नव्हता. तो असला की पैसे कुठपर्यंत पोचले ते बँक शोधू शकते. एवढं सगळं आम्ही लक्षात ठेवायची गरज नाही, कॉपी बँकेत नेऊन दाखवली तरी पुरे. फक्त त्यासाठी बँक उघडायची वाट बघावी लागते, म्हणून तर ती शुक्रवारी संध्याकाळी येते.

नुकसान तेलाच्या किमतीवर थांबत नाही. शिपिंग बिल (कस्टमकडचा निर्यातीचा कागद) रिझर्व्ह बँकेच्या ईडीपीएमएसमध्ये, म्हणजे निर्यातीचे पैसे आले का ते बघणाऱ्या यंत्रणेत, उघडं राहतं आणि आपली बँक विचारत राहते. पैसे मुदतीत आले नाहीत तर घेतलेला जीएसटी रिफंड व्याजासकट परत जातो. १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर तक्रार नोंदवली, कागद पोलिसांकडे दिलेत. दलाल म्हणतो, ‘मी फक्त ओळख करून दिली.’ लेखी त्याचं कुठेच काही नाही, कमिशनसुद्धा रोख घेतलं होतं.

आता माझं बिल ऑफ लेडिंग बँकेच्या ऑर्डरवर निघतं आणि कागद डीपीवर जातात: तिकडच्या बँकेत पैसे भरा, मगच कागद घ्या. नव्या ग्राहकाची माहिती आधी ईसीजीसीकडून, म्हणजे निर्यातीचा विमा उतरवणाऱ्या सरकारी कंपनीकडून, काढतो. यावर काही ग्राहक रुसून जातात. जाऊ देत.

मध्यंतरी कारेलीबागेतला ओळखीचा एक तरुण भेटला. ग्राहकाचं नाव वेगळं, पण बंदर तेच, दलाल तोच, पहिला कंटेनर चोख पार पडलेला आणि दुसरी ऑर्डर फ्लेक्सीटँकची. त्याला माझी फाइल दाखवली. त्याने डीपीची अट घालून मेल पाठवला, आणि तेव्हापासून दलाल त्याचा फोन घेत नाही.