चिपी की मोपा? मुंबईहून अंतर बघा

गणपतीला घरी जायचंय तर चिपीला, म्हणजे सिंधुदुर्ग जिल्ह्यातल्या विमानतळावर उतरायचं, की मोपाला, म्हणजे उत्तर गोव्यातल्या विमानतळावर? मुंबईपासून सरळ हवाई अंतर बघितलं तर चिपी साधारण ३५० किमी आणि मोपा ३९०च्या आसपास, म्हणजे विमानात बसल्यावर काही मिनिटांचाच फरक. खरा प्रश्न उतरल्यावरचा. मालवण, वेंगुर्ला, कुडाळवाल्यांना चिपी अगदी दारात, पण बांदा, दोडामार्गवाल्यांना मोपाच सोयीचं, गोव्यात असलं तरी हद्दीला लागूनच आहे ना ते. चिपी ऑक्टोबर २०२१ला सुरू झालं, मोपावरून जानेवारी २०२३पासून विमानं उडतायत आणि तिथे फ्लाइट कितीतरी जास्त, म्हणून मनापासून चिपी आवडत असलं तरी तिकीट मी मोपाचंच काढेन. चिपीला फ्लाइट वाढायलाच हव्यात, आपल्या जिल्ह्याचं विमानतळ आहे ते.