एपीसी भरावी, की मसुदा रिपॉझिटरीत ठेवावा?

सरकारी पैशातून झालेल्या आरोग्य-संशोधनाचा लेख कुणालाही वाचता यायला हवा, यावर आपलं दुमत नसावं. प्रश्न मार्गाचा आहे. एपीसी, म्हणजे लेख खुला ठेवण्यासाठी लेखकाने जर्नलला द्यायचं शुल्क, भरून लेख पहिल्या दिवसापासून खुला करायचा, की वर्गणीवर चालणाऱ्या जर्नलमध्ये विनाशुल्क छापून स्वीकृत मसुदा (जर्नलने स्वीकारलेली, पण छपाईची मांडणी न झालेली प्रत) आपणच रिपॉझिटरीत, म्हणजे कुणालाही मोफत वाचता येणाऱ्या ऑनलाइन संग्रहात, ठेवायचा? मी दोन्ही केलं आहे.

एपीसीच्या बाजूने बोलण्यासारखं बरंच आहे. लेख जर्नलच्या पानावरच, नीट मांडणी केलेला मिळतो. सीसी बाय परवाना (श्रेय देऊन कुणालाही वापरायची मुभा) असेल तर भाषांतरालाही परवानगी लागत नाही. गरोदरपणातल्या रक्तक्षयावरच्या आमच्या लेखातले तक्ते घेऊन आशाताईंसाठी मराठी पत्रक काढलं, तेव्हा कुणालाही विचारावं लागलं नाही.

मसुद्याचं तसं नाही. दुहेरी अंतराच्या ओळी, समासात ओळींचे आकडे, सगळे तक्ते शेवटी. शिवाय अनेक प्रकाशक काही महिन्यांचा एम्बार्गो घालतात, म्हणजे तोवर मसुदा खुला करता येत नाही. दिसायला एपीसीवाला लेखच उजवा, हे मान्य.

पण माझा निर्णय झाला तो बिलावरून. एपीसीचं बिल लेख स्वीकारल्यावर येतं, आणि आरोग्यातले लेख बहुधा प्रकल्प संपल्यावरच स्वीकारले जातात. आधी क्षेत्रकाम, मग विश्लेषण, मग एका जर्नलचा नकार, दुसरीकडे दुरुस्त्यांच्या दोन फेऱ्या. आमचं बिल आलं तोवर यूसी (निधी कसा खर्च झाला त्याचं प्रमाणपत्र) जाऊन बसली होती, उरलेली रक्कम परत गेली होती आणि खातं बंद होतं. बजेटमध्ये प्रकाशनासाठी तरतूद होती, ती कागदावरच राहिली. अकाउंट्सचं म्हणणं त्यांच्या परीने बरोबर होतं: बंद प्रकल्पावर खर्च टाकायचा कसा? प्रकाशकाकडे सवलत मागितली, तर त्यांच्या यादीत भारत नव्हता. बऱ्याच मोठ्या प्रकाशकांचं असंच आहे. शेवटी सहलेखकांनी पदरचे पैसे घातले. त्यात एक नुकतीच एमडी झालेली मुलगी होती; तिच्याकडून पैसे घेणं मला आजही बरं वाटत नाही. रक्कम तरी केवढी असते! ‘नेचर’ने २०२० साली जाहीर केलेला दर ९,५०० युरो होता. आमचं जर्नल त्याच्या आसपासही नव्हतं, तरी जड गेलं.

पुढचा लेख मी रिपॉझिटरीत ठेवला. एका प्राथमिक आरोग्य केंद्राच्या वैद्यकीय अधिकाऱ्यांनी तो मोबाइलवर उघडला आणि तिसऱ्या तक्त्यातल्या एका आकड्याबद्दल फोन केला. मांडणीबद्दल ते काहीच बोलले नाहीत.

‘वन नेशन वन सबस्क्रिप्शन’ (सरकारने जर्नल्सची वर्गणी एकत्रित भरण्याची योजना) आल्यावर याची गरज काय, असं काही सहकारी विचारतात. योजना मोठी आहे: २०२५ ते २०२७ साठी ६,००० कोटी रुपये, सुमारे १३,००० जर्नल्स. पण ती सरकारी उच्चशिक्षण आणि संशोधन संस्थांसाठी आहे. तालुक्यातला खासगी डॉक्टर, पत्रकार, खुद्द रुग्ण तिच्यात येत नाहीत.

धोरणांचा कलही मला मसुद्याकडेच दिसतो. आपल्याकडे डीबीटी-डीएसटी या केंद्राच्या जैवतंत्रज्ञान आणि विज्ञान-तंत्रज्ञान विभागांच्या २०१४ च्या धोरणात स्वीकृत मसुदा रिपॉझिटरीत ठेवायला सांगितलं आहे. अमेरिकेत एनआयएच या आरोग्य-संशोधनाला निधी देणाऱ्या सरकारी संस्थेने २००८ पासून तो पबमेड सेंट्रल या आपल्या खुल्या संग्रहात देणं सक्तीचं केलं. तेव्हा १२ महिन्यांपर्यंत थांबायची मुभा होती. १ जुलै २०२५ पासून स्वीकारल्या गेलेल्या लेखांना तीही नाही.

तरीही तुमच्या प्रकल्पाची दोन वर्षं शिल्लक असतील आणि एपीसी मंजूर असेल, तर जरूर भरा. विषय बसत असेल तर १९१३ पासून निघणारं ‘इंडियन जर्नल ऑफ मेडिकल रिसर्च’ही पाहा, ते आयसीएमआरचं (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेचं) आहे आणि खुलं आहे. बाकीच्यांना मी मसुद्याचा मार्ग सुचवेन. लेख पाठवण्याआधी त्या जर्नलचा एम्बार्गो किती ते तपासा. कराराच्या बारीक अक्षरांत ते हमखास असतं. आणि स्वीकृतीची ईमेल येईल त्याच दिवशी मसुद्याची शेवटची फाइल सगळ्या सहलेखकांना पाठवून ठेवा, कारण वर्षभराने ती कुणाच्याच लॅपटॉपवर सापडत नाही.