माता-बाल संरक्षण कार्डातला वजनाचा आलेख : आठ महिने वापरल्यानंतर

गरोदरपणात उपकेंद्रात नाव नोंदवलं की एक घडीचं कार्ड हातात मिळतं. कागदोपत्री ते माता-बाल संरक्षण कार्ड, बोलण्यात एमसीपी कार्ड. बहुतेक घरांत ते लसीची तारीख बघण्यापुरतं बाहेर येतं आणि पुन्हा फायलीत जातं. मी त्यातल्या एकाच पानाबद्दल लिहिणार आहे, वजनाच्या आलेखाबद्दल. लेकीच्या पहिल्या आठ महिन्यांत मला त्या पानाइतका आधार दुसऱ्या कशाचाच वाटला नाही, आणि पहिलटकरीण असलेल्या प्रत्येकीने ते नीट वाचायला शिकावं असं मला मनापासून वाटतं.

लेक जन्मली तेव्हा २.६ किलोची होती. अडीच किलोच्या वर, म्हणजे वैद्यकीय भाषेत कमी वजनाची नव्हे. पण बघायला येणाऱ्या प्रत्येकीचं पहिलं वाक्य ठरलेलं : "बारीकच आहे गं." तिसऱ्या दिवशी आशाताई, म्हणजे गावातल्या आरोग्य स्वयंसेविका, घरी आल्या, त्यांनी झोळीच्या काट्यावर वजन केलं, तर ते जन्माच्या वजनापेक्षाही कमी भरलं. माझ्या आईचा चेहरा उतरला. आशाताईंनी शांतपणे सांगितलं, की पहिल्या काही दिवसांत बाळाचं वजन थोडं उतरतंच. अंगातलं जास्तीचं पाणी जातं, पहिली काळी शी जाते. दहा टक्क्यांपर्यंतची घट चालते, आणि साधारण दोन आठवड्यांत बाळ जन्माच्या वजनावर परत येतं. तसंच झालं.

या घरभेटींबद्दल दोन ओळी लिहायलाच हव्यात. दवाखान्यात बाळंतपण झालं असेल तर आशाताई तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या, एकविसाव्या, अठ्ठाविसाव्या आणि बेचाळिसाव्या दिवशी येतात. वजन, ताप, नाळेची जागा, दूध ओढणं, श्वास, सगळं बघतात. श्वास मिनिटाला साठ किंवा त्याहून जास्त असेल तर लगेच डॉक्टर. ही पद्धत आपल्याच मातीतली आहे. गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या 'सर्च' संस्थेने १९९०च्या दशकात गावातल्याच बायकांना नवजात बाळांची घरी काळजी घ्यायला शिकवलं. १९९९ साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात त्याचे निष्कर्ष आले, तेव्हा त्या गावांतले नवजात बाळांचे मृत्यू सुमारे ६२ टक्क्यांनी कमी झाल्याचं दिसलं. पुढे तीच कल्पना देशभर गेली. आपल्या उंबऱ्यात काटा घेऊन उभी असलेली बाई किती मोठ्या कामाचा भाग आहे, हे बाळंतिणीच्या खोलीत बसून कळत नाही. तिला चहा विचारताना हे आठवावं.

आता आलेख. खाली आडवं वय, डावीकडे उभं वजन, आणि मध्ये रंगांचे पट्टे. हिरवा म्हणजे ठीक, पिवळा म्हणजे वजन कमी, केशरी म्हणजे फार कमी. मुलींचा आलेख वेगळा, मुलांचा वेगळा, कारण मुलांचं वजन सरासरीने थोडं जास्त असतं. पहिल्यांदा ठिपका देताना योग्य पान उघडलंय ना, एवढं जरूर बघा.

"हे परदेशी तक्ते आपल्या मुलांना कसे लागू पडणार?" हा प्रश्न मला घरातूनच ऐकू आला, आणि तो रास्त आहे. पण हे मापदंड जागतिक आरोग्य संघटनेने २००६ साली आणले ते सहा देशांतल्या मुलांना मोजून : ब्राझील, घाना, नॉर्वे, ओमान, अमेरिका आणि भारत. भारतातली मुलं दिल्लीची होती. अंगावरचं दूध मिळालेली, बऱ्या परिस्थितीत वाढणारी, धूम्रपान न करणाऱ्या आयांची मुलं त्यासाठी निवडली होती. दिसलं असं, की पोटभर दूध-अन्न आणि स्वच्छ घर मिळालं तर पहिल्या पाच वर्षांत सगळीकडची मुलं जवळजवळ सारखीच वाढतात. तेव्हा हिरव्या पट्ट्यात आपल्या मुलांचाही वाटा आहे.

पट्टा ठीक, पण मला या पानाने शिकवलेली खरी गोष्ट म्हणजे रेघ. एकट्या ठिपक्यावरून फारसं काही कळत नाही. मुलींच्या आलेखात तीन महिन्यांचं मधलं वजन ५.८ किलोच्या आसपास आहे, माझी लेक तेव्हा ५ किलोची होती. शेजारची तिच्याच वयाची मुलगी चांगली सव्वासहा किलोची. दोघींना शेजारी ठेवलं की माझी लेक अर्थातच किरकोळ दिसायची आणि मग सल्ले सुरू व्हायचे : दूध पुरत नसेल, वरचं चालू कर, गुटी दे, मध चाटव. पण कार्डावर तिची रेघ हिरव्या पट्ट्याच्या खालच्या भागातून, छापलेल्या वक्राला समांतर वर चढत होती. बारीक जन्मली, बारीकच्या मार्गाने जाते आहे, पण जाते आहे. जन्मापासूनच्या सगळ्या ठिपक्यांनी दिलेलं हे उत्तर मी सासूबाईंना दाखवलं. त्यांनी चष्मा लावून प्रत्येक महिना बोटाने मोजला. त्यानंतर वरच्या दुधाचा विषय त्यांनी स्वतः काढला नाही, उलट येणाऱ्या-जाणाऱ्याला त्याच समजावू लागल्या. मालीश, शेक, अळिवाची खीर, डिंकाचे लाडू सगळं त्यांच्या पद्धतीने झालं. मध मात्र नाही. एक वर्षाच्या आत मधातून बाळाला बॉट्युलिझम हा गंभीर आजार होऊ शकतो, आणि हे आजीला सांगायला कचरू नये.

आलेखाची खरी परीक्षा पाचव्या महिन्यात झाली. लेकीला सर्दी झाली, नाक चोंदलं. दूध ओढताना दमायची, दोन घोट घेऊन सोडून द्यायची. त्या महिन्याचा ठिपका जवळजवळ आधीच्याच उंचीवर पडला. हिरव्यातच होता, पण पिवळ्याच्या अगदी काठावर, आणि रेघ आडवी. नुसत्या डोळ्यांना हे कळलं नसतं. बाळ हसत होतं, खेळत होतं, रोज बघणाऱ्या माणसाला असं थांबलेलं वजन दिसत नाही. अंगणवाडीसेविकेने ठिपका देताना पेन थांबवलं आणि म्हणाली, "ताई, डॉक्टरांना दाखवून या. वजन घटलं नाहीये, पण चढलंही नाहीये."

डॉक्टरांनी आधी कार्डच मागितलं. सहा वेळा तरी लघवी होते का, दूध पिताना गिळल्याचा आवाज येतो का, ताप आहे का, असं विचारलं. नाकात मिठाच्या पाण्याचे थेंब, थोडं थोडं पण वारंवार दूध, आणि दोन आठवड्यांनी त्याच काट्यावर पुन्हा वजन. वरचं काहीही नाही. सर्दी गेली तशी ती हपापल्यासारखी प्यायला लागली. सहाव्या महिन्याला ठिपका पुन्हा वर सरकला आणि पुढच्या दोन महिन्यांत रेघ आपल्या जुन्या मार्गावर आली.

"त्याच काट्यावर" हे दोन शब्द फार महत्त्वाचे आहेत. अंगणवाडीतला झोळीचा काटा आणि दवाखान्यातला इलेक्ट्रॉनिक काटा यांच्यात फरक पडतो. कपड्यांचा, भरलेल्या लंगोटाचा, नुकत्याच प्यायलेल्या दुधाचाही पडतो. आम्ही दर महिन्याला एकाच ठिकाणी, एका पातळ झबल्यावर वजन करतो. आणि रोज करत नाही. पहिल्या तीन महिन्यांत बाळ दिवसाला साधारण २५ ते ३० ग्रॅमने वाढतं, नंतर वेग कमी होत जातो. एवढासा फरक रोजच्या रोज बघायला गेलं तर आईची झोप उडेल, दुसरं काही होणार नाही. वेग मंदावणं आलेखातही दिसतं, छापलेले वक्र स्वतःच पुढे सपाट होत जातात. चौथ्या महिन्यानंतर "आता पहिल्यासारखं वाढत नाही" म्हणून घाबरणाऱ्या आयांनी तो वक्र नीट बघावा.

सहा महिन्यांनी उष्टावण झालं. मुगाची डाळ आणि तांदूळ भाजून केलेली खिमट, वर साजूक तूप, मग नाचणीसत्त्व, कुस्करलेलं केळं. डाळीचं वरचं पाणी आम्ही दिलं नाही, त्यात पोट भरतं पण अंगी फारसं काही लागत नाही. खिमट चमच्यावरून ओघळून जाईल इतकी पातळ नको, हे सेविकेचं सांगणं मी तंतोतंत पाळते.

कार्डात वाढीचे टप्पे चित्रांसह दिलेत : ओळखीचं हसू, मान धरणं, बसणं. ते चांगले आहेत, पण लोक त्यांना परीक्षेच्या तारखा समजतात. जागतिक आरोग्य संघटनेच्या त्याच अभ्यासात आधाराशिवाय बसण्याची मुदत सुमारे पावणेचार ते सव्वानऊ महिने इतकी पसरलेली आहे, आणि एकट्याने चालण्याची आठ ते साडेसतरा महिने. शंभरातली चारएक मुलं हाता-गुडघ्यांवर रांगलीच नाहीत आणि तशीच चालायला लागली. हे आकडे कार्डावर छापले तर किती घरांत शांतता नांदेल! लसींचं पान मात्र नेमकं आणि सोपं आहे, त्याबद्दल काहीच तक्रार नाही.

आलेखाबद्दल मात्र तक्रारी आहेत. पहिल्या वर्षाला पानावर फार थोडी जागा मिळते, कारण पुढची वर्षंही त्याच पानावर बसवलीत. शंभर-दोनशे ग्रॅमचा फरक, जो पाचव्या महिन्यात आमच्यासाठी सगळ्यात मोलाचा होता, तो जाड पेनच्या ठिपक्यात बुडून जातो. मी सोबत एका चौकटीच्या वहीत आकडे लिहून ठेवते. कागदाची घडी तुटत जाते. प्लॅस्टिकच्या पिशवीत ठेवा, पण लॅमिनेट करू नका, पुढच्या नोंदी लिहिता येणार नाहीत. माहेरी बाळंतपण करून सासरी परतणाऱ्यांनी नव्या गावच्या अंगणवाडीत पहिल्याच आठवड्यात कार्ड दाखवावं, नाहीतर मधले दोन महिने रिकामे राहतात आणि रेघ तुटते.

सगळ्यात मोठी उणीव वेळेआधी जन्मलेल्या बाळांच्या बाबतीत आहे. माझ्या मैत्रिणीचं बाळ दीड महिना आधी आलं. त्याचं वजन जन्मतारखेपासूनच्या वयावर मांडलं तेव्हा ते थेट केशरी पट्ट्यात पडलं आणि ती रात्रभर रडली. असं बाळ जितके आठवडे आधी आलं तितके वयातून वजा करून ठिपका द्यायचा असतो, हे तिला बालरोगतज्ज्ञांकडे गेल्यावर कळलं. तसं मांडल्यावर ठिपका पिवळ्यात आला आणि रेघ वर चढणारी निघाली. माझ्याकडच्या कार्डात ही सूचना मला कुठेही सापडली नाही. पुढच्या छपाईत आलेखाच्या डोक्यावर, ठळक अक्षरांत, हे एक वाक्य यायलाच हवं.